चेंबरखालचं कव्हर निघत नाही? जोर लावण्याआधी या चुका टाळा

मंगळवेढ्याकडच्या शेतावर एक पावसाळा गाडी नेली की तिच्या पोटाखाली काय साठतं, ते सोलापूरकराला सांगायला नको. ज्वारीला सोन्यासारखी असलेली ती काळी माती ओली असताना लोण्यासारखी फटीफटीत शिरते आणि ऑक्टोबरच्या उन्हात विटेसारखी वाळते. चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, आणि त्याच्या खालचं कव्हर यांच्या मधे, क्लिपांभोवती, बोल्टांच्या डोक्यातल्या खळग्यात, सगळीकडे तीच. मग एक दिवस फरशीवर तेलाचा डाग दिसतो. आपण पाने घेऊन गाडीखाली शिरतो, तर चेंबर राहिलं बाजूला, त्याच्या खालचं कव्हरच जागचं हलत नाही.

घरच्या गाड्यांची अशी कामं मी स्वतः करतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट पटली आहे: कव्हर निघत नाही, म्हणजे त्याला अजून काहीतरी धरून आहे. ते काय, हे शोधायचं. ओढाताण करून कव्हर निघतं खरं, पण सोबत आटे आणि कडाही घेऊन जातं.

गळती नक्की चेंबरचीच आहे ना?

तेल वरून खाली येतं आणि गाडी पळताना वारा ते मागे ढकलतो. त्यामुळे टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या माथ्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग, ऑइल प्रेशरचा स्विच किंवा फिल्टरचं रबर गळत असलं तरी थेंब चेंबरच्या कडेलाच लोंबतो. आधी सगळा भाग डिग्रीजरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावाने) धुऊन कोरडा करा. १५-२० किलोमीटर फिरून या, मग टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. सगळ्यात वरची ओली जागा, तिथे उगम. ड्रेन बोल्टचा वायसर तर पहिल्यांदा बघा. काही वेळा चाळीस-पन्नास रुपयांच्या वायसरवर सगळं काम मिटतं आणि चेंबर उतरवायची वेळच येत नाही.

मातीने भरलेल्या डोक्यात पाना घालणं

सगळ्यात जास्त बोल्ट इथेच वाया जातात. डोक्यातल्या खळग्यात माती घट्ट बसलेली असते, त्यामुळे ॲलन की किंवा स्टारचा बिट अर्धाच आत जातो. जोर लावला की वरचे दोन मिलिमीटर गोल होतात आणि पुढे तो बोल्ट कोणालाच दाद देत नाही. दाभण घ्या, तो खळगा तळापर्यंत कोरून काढा, ब्रश मारा, हवा मारा. मग बिट पूर्ण बसवून हातोडीचा एक हलका ठोका द्या. बिट तळाला टेकल्याचा आवाज वेगळा येतो, भरीव.

बोल्ट षटकोनी डोक्याचा असेल तर सहा कोनांची गोटी (सॉकेट) वापरा. बारा कोनांची गोटी गंजलेल्या डोक्यावरून घसरते. गंज सोडवणारा स्प्रे मारून लगेच पाना लावू नका, निदान २० मिनिटं जाऊ द्या. चहा पिऊन या, परत स्प्रे मारा. मग बोल्ट आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा. गंजाची पकड तुटते ती त्या बारीक हालचालीने. त्यानंतर पाव फेरा सैल, थोडा परत आत, पुन्हा सैल. हाताला बोल्ट च्युइंगमसारखा ताणल्यासारखा लागला तर तिथेच थांबा, तो तुटायच्या बेतात आहे. १० नंबरच्या पान्याला पाइप लावून लांबी वाढवणं तर नकोच. ते बोल्ट ६ मिलिमीटर जाडीचे असतात, पाइपचा जोर त्यांना सोसत नाही.

प्लास्टिकच्या क्लिपांची गत वेगळी. बऱ्याच क्लिपांची मधली खिळी आधी वर उचलायची असते, काहींची आत दाबायची असते. न बघता उचकटली तर क्लिप मोडते, आणि चार क्लिपा कमी असलेलं कव्हर हायवेवर फडफडत राहतं.

ब्लो लॅम्प घेऊन बोल्ट तापवायचा विचार मनात आणू नका. वर तेल आहे, शेजारी रबर आणि वायरी आहेत. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. सपाट जागा, दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड), मागच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक. हे झालं नसेल तर काम उद्यावर टाका.

सगळे बोल्ट निघाले असं धरून चालणं

आता चेंबर. माझ्या पहिल्या वेळी दिसलेले सगळे बोल्ट काढले होते, तरी चेंबर गिअरबॉक्सच्या बाजूने ढिम्म. मी मोठा स्क्रूड्रायव्हर फटीत घातला, तेवढ्यात शेजारच्या गल्लीतले मेस्त्री बघायला आले. वाकले आणि म्हणाले, "थांबा की ओ! फ्लायव्हीलचं कव्हर काढलं का? त्याच्या मागं अजून दोन बोल्ट हायत." ते पत्र्याचं कव्हर बघितलं, तर त्यावर तेल आणि धुळीचा बोटभर थर. तो खरवडल्यावर खाली बोल्टाचं डोकं चकाकलं. ते दोन्ही काढले आणि चेंबर हातोडीच्या लाकडी मुठीच्या चार ठोक्यांत सुटलं.

तेव्हापासून मी एका पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढतो, निघालेला बोल्ट ज्या जागेचा त्या जागी खोचतो. भोक रिकामं दिसलं की बोल्ट अजून गाडीत आहे हे कळतं. शिवाय लांब-आखूड बोल्टांची अदलाबदल होत नाही. आखूड जागी लांब बोल्ट गेला तर तो तळाला टेकतो. आपल्याला वाटतं घट्ट झालं, पण चेंबर सैलच राहतं.

फटीत स्क्रूड्रायव्हर

बोल्ट संपले तरी चेंबर सांधा बंद करायला लावलेल्या सिलिकॉनवर चिकटून राहतं. तिथे टोकदार हत्यार घातलं तर ॲल्युमिनियमच्या कडेवर चरा पडतो आणि पुढची गळती त्याच चऱ्यातून सुरू होते. पातळ, रुंद पात्याची सुरी एका कोपऱ्यातून घाला आणि कडेकडेने हलके ठोकत न्या. बऱ्याच चेंबरला उचकटण्यासाठी मुद्दाम कान ठेवलेले असतात, आधी ते शोधा.

चेंबर हातात आलं की दोन गोष्टी बघा. तळ आत दबला आहे का? रंग उडालेल्या गतिरोधकावर आपटून तो दबतो आणि आतल्या तेल ओढणाऱ्या जाळीला टेकायला लागतो. असं चेंबर नुसतं सील करून परत लावलं तर इंजिनला तेल कमी पडतं, ते बदलाच. आणि जाळीत जुन्या सिलिकॉनचे तुकडे अडकलेत का? कोणीतरी कधीतरी "जास्त लावू, म्हणजे गळणार नाही" म्हणून भरलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला फुगून, सुटून तिथेच येऊन बसतं.

टॉवेलच्या तुकड्याने शेवटचा हात

आपल्याकडे टॉवेलच्या कारखान्यांतली कात्रणं पुसायला सहज मिळतात. तेल टिपायला त्यांच्यासारखं काही नाही. पण सील करायची कड शेवटी त्यांनी पुसू नका. त्याचे बारीक तंतू कडेवर राहतात, सिलिकॉनखाली दबतात आणि वातीसारखं तेल बाहेर ओढतात. शेवटचा हात बिनतंतूच्या जुन्या सुती कापडाने आणि ब्रेक क्लीनरने. मग बोट फिरवून बघा, कोरडं आणि किंचित खरखरीत लागलं पाहिजे.

सिलिकॉनची ३ मिलिमीटरची एकसलग रेघ, बोल्टांच्या भोकांच्या आतल्या बाजूने. रेघ ओढल्यावर फोनवर बोलत बसू नका, उन्हाळ्यात तर साय फारच लवकर धरते. रबराचं तयार पॅकिंग असेल तर सगळीकडे सिलिकॉन फासायचं नाही, कंपनीने सांगितलेल्या सांध्यांवर एकेक थेंब पुरतो.

बोल्ट मधून कडेकडे, आलटून-पालटून, दोन-तीन फेऱ्यांत. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर जोर लागतो, म्हणजे वीतभर दांड्याच्या टोकाला साडेचार-पाच किलो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. पत्र्याचं चेंबर "अजून थोडं" म्हणून आवळलं की भोकांपाशी आत वाकतं आणि दोन बोल्टांच्या मधून गळतं. आधीच वाकलं असेल तर लाकडी ठोकळ्यावर ठेवून कड सपाट करून घ्या.

तेल भरायची घाई नको. ट्यूबवर लिहिलेला वेळ पाळा. मी रात्रभर ठेवतो. काढलेलं जुनं तेल गटारीत किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून अशा गॅरेजला द्या, जे ते रिसायकलिंगवाल्यांकडे पोहोचवतं. तेल भरल्यावर गाडी सुरू करा, रेस करू नका. तेलाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद.

खालचं कव्हर दोन दिवस लावू नका. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा ठेवा. दुसऱ्या सकाळीही तो कोरा निघाला की कव्हर चढवा, आणि चढवताना प्रत्येक बोल्टच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावा. पुढच्या पावसाळ्यानंतर ते परत काढायचं आहे.