तीन ओळींचा फळा
मी आशाताई, म्हणजे आशा आरोग्यसेविका, नागपुरात सक्करदऱ्याकडच्या वस्तीत फिरते. साथीची खबर फळ्यावर तीन ओळींतच लिहा. लोक उभ्या-उभ्या वाचतात. फ्लू आपल्याकडे दोनदा डोकं काढतो, पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्चदरम्यान. म्हणून मृग लागला की मी फळा पुसून ठेवते. आकडा आरोग्य केंद्रातूनच घ्या अन् खाली तारीख टाका. मी एकदा तारीख विसरले, तर ओसरलेल्या साथीला लोक दहा दिवस घाबरत राहिले. ‘घाबरू नका’ तर लिहूच नका जी, त्यानंच जास्त घाबरतात! त्यापेक्षा लिहा: खोकताना रुमाल धरा, दम लागला तर लगेच दवाखाना गाठा. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, हे मात्र दर आठवड्याला नव्यानं लिहावं लागतं.