सुपरकपॅसिटरसाठी आयनिक द्रव व अ‍ॅसिटोनायट्राइल यांचे मिश्रण कसे तयार करावे

सुपरकपॅसिटर म्हणजे झटपट वीज साठवणारे व सोडणारे उपकरण; त्याच्या इलेक्ट्रोडमधील विद्युतवाहक द्रव म्हणून हे मिश्रण वापरतात. ईएमआयएम (1-इथाइल-3-मिथाइलइमिडाझोलियम) टेट्राफ्लुओरोबोरेट या आयनिक द्रवाची, म्हणजे द्रवरूप क्षाराची, श्यानता (दाटपणा) खोलीच्या तापमानाला अ‍ॅसिटोनायट्राइल या विद्रावकाच्या सुमारे शंभरपट असते. त्यामुळे दोहोंचे मिश्रण केल्यास आयन मोकळेपणाने हलू लागतात आणि विद्युतवाहकता कित्येक पटींनी वाढते.

प्रथम आयनिक द्रव निर्वातात 80 अंश सेल्सियसला किमान 24 तास वाळवावा आणि अ‍ॅसिटोनायट्राइल 3 अँगस्ट्रॉमच्या आण्विक चाळणीवर (पाणी शोषणाऱ्या सूक्ष्मछिद्री पदार्थावर) कोरडे करावे. या पायरीत घाई नको, हे आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण उरलेले पाणी विद्युतदाबाखाली विघटित होते आणि टेट्राफ्लुओरोबोरेटशी अभिक्रिया होऊन घातक हायड्रोजन फ्लुओराइडही निर्माण होऊ शकते. कार्ल फिशर अनुमापनात (पाण्याचे सूक्ष्म प्रमाण मोजण्याच्या चाचणीत) पाणी 50 पीपीएमच्या (दशलक्ष भागांत 50 भागांच्या) खाली आल्याखेरीज पुढे जाऊ नये.

नंतर आर्गॉन वायूने भरलेल्या ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत) दोन्ही द्रव वजनाने समप्रमाणात मिसळावेत. प्रमाण थोडे थोडे बदलून वाहकता मोजल्यास तिचा सर्वोच्च बिंदू सापडतो; विद्रावक त्याहून वाढवला की आयनच कमी पडतात. सच्छिद्र कार्बनचे इलेक्ट्रोड वापरून चाचणी 2.7 व्होल्टपासून सुरू करावी, विद्युतदाब हळूहळू वाढवावा आणि गळती प्रवाह (भारित ठेवल्यावरही वाहत राहणारा नको असलेला प्रवाह) चढू लागताच थांबावे. अ‍ॅसिटोनायट्राइल विषारी व अत्यंत ज्वलनशील असल्याने ठिणगी जवळ येऊ देऊ नये.