‘चेक करणे’ मराठीत आणताना

‘चेक’ या इंग्रजी क्रियापदासाठी मराठी शब्द निवडण्यापूर्वी तेथे तपासणे अभिप्रेत आहे की अडवणे, हे ठरवावे. या शब्दाचे मूळ राजा या अर्थाच्या ‘शाह’ या फारसी शब्दात आहे. बुद्धिबळासोबत तो अरबी आणि जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोहोचला, तेथे राजाला दिलेला शह, त्यातून अडवणूक, मग नियंत्रण आणि बऱ्याच नंतर पडताळणी असे त्याचे अर्थ वाढत गेले. आपला ‘शह’ त्याच घराण्यातला आहे, आणि १९४८ पर्यंत निजामी राजवटीत राहिलेल्या मराठवाड्याला फारसी शब्द काही परके नाहीत.

जुना अर्थ पाहायचा असेल तर ओढ्यावरचा चेक डॅम पाहावा: तो काहीच तपासत नाही, पाणी अडवतो, म्हणून तेथे ‘बंधारा’ हाच शब्द योग्य. खर्च ‘चेक’मध्ये ठेवायचा असेल, तर त्याला आळा घालावा.

पडताळणीच्या अर्थातही सरसकट ‘तपासणे’ वापरू नये. रक्तदाब तपासावा, सातबाऱ्यावरील नाव आधारकार्डाशी पडताळून पाहावे, आडतीच्या पट्टीवरील बेरजेचा ताळा करावा आणि ऐकीव बातमीची खातरजमा करावी. चौकडीच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणतात तेही बुद्धिबळाच्या पटावरूनच. दुकानात मात्र खुशाल ‘चेक्सचा शर्ट’ मागावा. तेथे शुद्धतेचा आग्रह धरणे मला अनाठायी वाटते.