भाच्याच्या हातात चावी देण्याआधी

"मावशी, दोन मिनिटांत दही घेऊन येतो," म्हणून भाचा माझी अ‍ॅक्टिव्हा घेऊन गेला. वीस मिनिटांनी त्याचा फोन आला तो अशोकस्तंभावरून. पोलिसांनी अडवलं होतं. लर्निंग लायसन्स होतं, पण सहा महिन्यांची मुदत उलटून अकरा दिवस झालेले.

मुदत संपलेलं लायसन्स नसल्यातच जमा. मोटार वाहन कायद्याचं कलम १८१: ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मला ठाऊक नव्हतं ते कलम १८०. ते गाडी देणाऱ्याला धरतं, तेवढ्याच दंडाला. म्हणजे एक चलन त्याच्या नावाचं, एक माझ्या. दह्याचा डबा दहा हजारांना पडला.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी एवढं बघा: लायसन्स घरी राहिलंय, की मुळात नाहीच? घरी राहिलं असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ही सरकारी अ‍ॅप उघडून त्यातलं लायसन्स दाखवा, चालतं. गॅलरीतला फोटो धरत नाहीत. नसेलच, तर हुज्जत घालू नका आणि ओळखीच्या साहेबांना फोनही लावू नका (मी लावला, उचलला नाही). चलनावर कलम कोणतं लावलंय, गाडीचा नंबर बरोबर आहे का, ते तिथेच वाचा. कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवता येते. ठेवली तर पावती मागून घ्या.

अपघात झाला तर दंड परवडला म्हणायची पाळी येते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम विमा कंपनी नाकारते. समोरच्याला भरपाई दिलीच, तर ती मालकाकडून वसूल करायला येऊ शकते.

आणि क्लासला स्कूटरवर जाणारी दहावीची पोरं! अल्पवयीन सापडला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.

त्या रात्री मी माझं लायसन्स काढून पाहिलं. २००४ चं, वीस वर्षांचं. संपायला चार महिने! नूतनीकरणाचा अर्ज मुदतीआधी वर्षभर करता येतो. मुदतीनंतर वर्ष उलटलं, की पुन्हा टेस्ट. लायसन्सच्या सरकारी वेबसाइटवर, सारथी पोर्टलवर, अर्ज भरला, चाळिशी ओलांडलेली म्हणून डॉक्टरांचा फॉर्म १-अ, म्हणजे तब्येतीचा दाखला, जोडला. भाच्याचं लर्निंग पुन्हा पहिल्यापासून. पक्क्या लायसन्ससाठी त्यानंतर किमान तीस दिवस. तोवर दही पायी.