सातपुड्यातील जुने बेपत्ता प्रकरण पुन्हा तपासताना

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हरवलेल्या माणसाचा शोध पुन्हा घ्यायचे ठरले की पावले आधी पोलीस ठाण्याकडे वळतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर मात्र सुरुवात घरापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. ठाण्यातला पहिला जबाब मराठीत लिहिलेला असतो आणि हरवलेल्या मुलीची आई बोललेली असते भिलीत किंवा पावरीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीत. मध्ये काय गळून गेले, ते कागद पाहून कळत नाही. म्हणून तिची भाषा जाणणारी, शक्य तो तिच्या भावकीबाहेरची बाई सोबत न्यावी आणि सगळे पहिल्यापासून ऐकावे.

जुन्या नोंदीत बहुधा ‘रंग सावळा, बांधा मध्यम, उंची अंदाजे पाच फूट’ एवढेच सापडते, आणि हे वर्णन पाड्यातल्या निम्म्या मुलींना लागू पडते. आईला विचारले तर ती स्वतःचा हात पुढे करते आणि मनगटाच्या वर बोट ठेवून गोंदण कुठे होते, विळा लागल्याचा व्रण कोणत्या करंगळीवर होता, हे दाखवते. ते जसेच्या तसे लिहावे आणि सोबत हाताचे चित्र काढून घ्यावे. नावाचीही खात्री करावी, कारण घरचे नाव वेगळे आणि आश्रमशाळेच्या रजिस्टरातले वेगळे असू शकते. तिथली १ जून ही जन्मतारीख अनेकदा प्रवेशाच्या वेळी सोयीने लिहिलेली असते, त्यामुळे वय त्या तारखेवरून ठरवू नये.

साल विचारू नये, खुणा विचाराव्यात. होळीआधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी की होळीनंतर? धाकटा भाऊ तेव्हा चालायला लागला होता का? २२ जुलै २००९ च्या सकाळी सुरतेवरून पुढे सरकलेल्या खग्रास सूर्यग्रहणाच्या आधी की नंतर? वर्ष एकदा पक्के झाले की होळीची तारीख पंचांगातून काढता येते. नर्मदाकाठच्या गावांत सरदार सरोवराचे पाणी तेव्हा कोणत्या शेतापर्यंत आले होते, हेही विचारावे. तिथे आणखी एक अडचण उभी राहते: माणूस शेवटचा दिसला ती जागाच आज पाण्याखाली असू शकते आणि तेव्हाचे शेजारी तळोदा-शहाद्याकडच्या पुनर्वसन वसाहतींत विखुरलेले असतात. साक्षीदार तिथे जाऊन शोधावे लागतात.

त्यानंतर कागद. मिसिंग रजिस्टर, स्टेशन डायरी आणि त्या काळातल्या अकस्मात मृत्यूच्या नोंदी माहिती अधिकारात मागाव्यात, आणि त्या केवळ आपल्या ठाण्याच्या नकोत. इथली कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, नर्मदेपलीकडे मध्य प्रदेश आहे. अनोळखी प्रेताची नोंद तिकडच्या ठाण्यात पडलेली असू शकते. त्या हंगामात ऊसतोडीची टोळी कोणत्या मुकादमाने नेली आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोणाच्या नावावर होती, हेही विचारावे.

‘आता फार उशीर झाला’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. तीन वर्षांपेक्षा अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला, म्हणजे अपहरणालाही, दखल घेण्याची कालमर्यादा नाही. हरवलेल्या बालकाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे. गुन्हा नोंदून ‘अ’ समरीने, म्हणजे खरा पण तपास न लागलेला म्हणून, बंद झाला असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(९) खाली पुढील तपासाची मागणी करता येते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. आईवडील थकलेले असतील तर त्यांचे डीएनए नमुने घेण्याची लेखी विनंती तपासी अंमलदाराला पहिल्याच भेटीत करावी.

सर्वांत जपायचे ते संशयाच्या बाबतीत. आपण चौकशी करतो आहोत हे दुसऱ्या दिवशी सगळ्या पाड्याला कळते, जुना राग वर येतो, कोणीतरी बडव्याकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जाते आणि एखाद्या एकट्या बाईवर डाकीण असल्याचा आळ येतो. त्यामुळे चारचौघांत कोणाचेही नाव उच्चारू नये, आणि आळाची कुजबुज कानावर आलीच तर शोध बाजूला ठेवून आधी त्या बाईच्या जिवाचा बंदोबस्त करावा.

हरवलेली मुलगी आज प्रौढ बाई म्हणून जिवंत सापडली, तर तिचा पत्ता तिला विचारल्याशिवाय घरच्यांनाही देऊ नये. ती सुखरूप आहे एवढा निरोप द्यायचा की नाही, हेसुद्धा तिनेच ठरवायचे आहे.

लिहून घेतलेला जबाब आईला तिच्या भाषेत वाचून दाखवावा, ती सांगेल ती दुरुस्ती करावी आणि एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरी ठेवावी. पुढच्या होळीला सगळे घरी परततात, तेव्हा पुन्हा जावे आणि हाती काही लागले नसेल तर तेही तिच्यासमोर बसून सांगावे.