आधी बीएलओ, मग टीव्ही

गावातल्या तरुण मुलामुलींना एकत्र बसवायचं, टीव्हीवर काहीतरी दाखवायचं, त्यावर त्यांना बोलतं करायचं आणि तिथून मतदार नोंदणी, ग्रामसभा इथवर न्यायचं. राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) शिबिर असो की एखादं युवक मंडळ, हा कार्यक्रम दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात पडतोच. यंदा तुमच्या पडला असेल तर हे वाचून घ्या. आमचा मागचा कार्यक्रम रंगला होता. मुलं भांडली, हसली, शेवटी बरीचशी उठून म्हणाली, "मग नाव कुठं घालायचं?" आणि नाव घालून घेणारं माणूसच तिथं नव्हतं. "मोबाईलवरून करा" असं सांगून वेळ मारून नेली. पुढं फारसं कुणी काही केलं नाही. त्यामुळे टीव्ही, सतरंज्या, चहा हे सगळं नंतर. आधी बीएलओ.

बीएलओ म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. पद कागदावर भारदस्त, माणूस बहुधा ओळखीचाच निघतो: जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी, अंगणवाडी सेविका, नाहीतर असाच कुणी सरकारी कर्मचारी. नाव माहीत नसेल तर निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर मिळतं, १९५० या हेल्पलाइनवर विचारता येतं, किंवा सरळ तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत जा. एक मेख आहे. बीएलओ गावाचा नसतो, मतदान केंद्राचा असतो. गावात दोन केंद्रं असली तर दोन बीएलओ. एखादी वाडी पलीकडच्या केंद्राला जोडलेली असली तर तिसरा. एकालाच बोलावलंत तर निम्म्या मुलांना "तुझी यादी माझ्याकडे नाही" एवढंच ऐकून परत जावं लागेल. बोलावणंही तोंडी नको. तहसीलदारांना पत्र, प्रत बीएलओंना, आणि पत्राची पोच तुमच्या फाइलीत. तोंडी हो म्हटलेला माणूस ऐनवेळी दुसऱ्या कामाला जुंपला जातो, आणि बीएलओंना जुंपणारे थोडे नाहीत.

तारीख त्यांना विचारून ठरवा, प्रमुख पाहुण्यांना विचारून नव्हे. २५ जानेवारी तर नकोच. २०११ पासून तो राष्ट्रीय मतदार दिवस आहे, त्यामुळे कल्पना सगळ्यांना तीच सुचते. पण त्या दिवशी बीएलओ तहसीलच्या किंवा स्वतःच्या केंद्रावरच्या कार्यक्रमात अडकलेले असतात. रविवारची दुपार बरी. शाळा नाही, अंगणवाडी नाही, तालुक्याला कॉलेजात जाणारी मुलं घरी. पाचच्या आत संपवा, अंधार पडला की मुली थांबत नाहीत आणि त्यांना थांबवूही नये. आठवडी बाजाराचा वार, लग्नाची दाट तिथी, क्रिकेटचा मोठा सामना टाळा. का ते सांगत बसत नाही.

बोलवायचं कुणाला? अठरा पूर्ण झालेल्यांनाच, असा समज अजून आहे. पूर्वी वय फक्त १ जानेवारीला मोजत. २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा झाल्या, आणि सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे बारावीचा वर्ग सोडू नका. उलट तोच वर्ग आधी धरा, कारण पुढच्या वर्षी ही मुलं पुण्याला, संभाजीनगरला किंवा कुठल्या तरी एमआयडीसीत गेलेली असतात. वसतिगृहात राहणारा मुलगा नाव तिकडे घालू शकतो किंवा घरच्या पत्त्यावर, दोन्हीकडे नाही. हे स्पष्ट सांगा, नाहीतर उत्साहाच्या भरात दोन्हीकडे अर्ज जातात.

कायद्याचं एकदाच वाचून घ्या. आचारसंहिता लागलेली असेल तर लेखी परवानगीशिवाय काही करू नका. मतदान संपण्याच्या वेळेआधीच्या ४८ तासांत निकालावर प्रभाव पाडेल असा मजकूर टीव्ही किंवा तशा साधनावर लोकांना दाखवणं हा लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुमची फीत (व्हिडिओ) त्यात मोडते की नाही हा वाद पोलिसांशी घालण्यापेक्षा त्या दिवसांत संच कपाटातच ठेवा.

आता काय दाखवायचं. यावर बैठकीत सर्वांत जास्त वेळ जातो, जायलाही हवा. वृत्तवाहिन्यांवरची चर्चा लावू नका. सहा चौकटी, सहा तोंडं, खाली पळणाऱ्या पट्ट्या. ते अर्धा तास पाहिलं की मुलंही एकमेकांशी तशीच बोलायला लागतात. संसद टीव्हीवरचा प्रश्नोत्तराचा तास चालेल, पण अख्खा तास नव्हे. पाणी, पीकविमा, शिष्यवृत्ती असा जवळचा एकच प्रश्न निवडा. मंत्री उत्तराला उभे राहिले की तिथंच फीत थांबवा आणि विचारा, आता हे काय म्हणतील? पैज लावल्यासारखी उत्तरं येतात. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी सात सेकंद दिसते ते दाखवणारी छोटी फीतही ठेवा, त्यावर प्रश्न हमखास येतात. पण सगळ्यांत उत्तम म्हणजे गावातल्याच मुलांनी मोबाईलवर केलेली आठ-दहा मिनिटांची फीत: बंद पडलेली नळयोजना, एसटीच्या थांब्यावरचं शेड, अभ्यासिकेचं कुलूप. त्यासाठी महिनाभर आधी मुलं धरा.

ही पद्धत जुनी आहे. १९५९ साली दिल्लीत दूरदर्शन सुरू झालं तेव्हा घरोघर संच नव्हते. लोक टेलिक्लबांत जमून पाहत, आणि नागरिकांची कर्तव्यं, रहदारी, अन्नातली भेसळ असले विषय त्यात असत. १९७५-७६ च्या 'साइट' प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत कार्यक्रम पोचवले गेले. पण मला विचाराल तर शिकावं ते गुजरातमधल्या खेडा टीव्ही प्रकल्पाकडून. तिथं गावातली माणसं, त्यांची बोली, मजुरीचे आणि शिवाशिवीचे प्रश्न पडद्यावर आले. त्याच्याही आधी, १९५६ मध्ये, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने खेड्यांत श्रोतामंडळं उभी केली होती: कार्यक्रम एकत्र ऐकायचा, तिथंच चर्चा करायची, शंका केंद्राला कळवायच्या. ही रीत कॅनडातल्या फार्म रेडिओ फोरमवरून आलेली. त्यांचं घोषवाक्य होतं: वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा. आपल्याकडे पहिली तीन कामं दणक्यात होतात. चौथ्यासाठी बीएलओ लागतो. पत्राची पोच घेतलीत ना?

साधनं: टीव्ही, स्पीकर, एचडीएमआय केबल, एक्स्टेंशन बोर्ड, इन्व्हर्टर. फीत पेनड्राइव्हवर, नेटच्या भरवशावर नाही. आदल्या दिवशी त्याच संचावर लावून बघा, कारण प्रत्येक टीव्ही प्रत्येक फाइल वाचतोच असं नाही. आणि आदल्या दिवशीच बीएलओंना पुन्हा फोन.

बसायचं गोलात. स्टेज नको, हारतुरे नकोत, शाल-श्रीफळ तर अजिबात नको. सत्कार उरकेपर्यंत पाऊण तास जातो आणि मुलं मोबाईल काढतात. सरपंचांना आणि ग्रामसेवकांना जरूर बोलवा, पण भाषणाला नव्हे, ऐकायला आणि शेवटी उत्तरं द्यायला. हे आधी त्यांच्याशी बोलून घ्या, समोरासमोर आणि नम्रपणे. गोलात त्यांची खुर्ची सगळ्यांसारखीच ठेवा. एखाद्या पक्षाची पोरं घोळक्यानं आली तर त्यांना वेगवेगळं बसवा. हाकलू नका, तीही गावचीच आहेत. झेंडा, गमछा मात्र बाहेर.

फीत वीस मिनिटं, बोलणं किमान तासभर. उलटं झालं की कार्यक्रम सिनेमाचा होतो. फीत संपली की टीव्ही बंद करा. आवाज कमी करून चालू ठेवू नका, चित्र हलत असेल तर कुणी कुणाकडे बघत नाही. बोलतं करणारा माणूस शक्यतो शेजारच्या गावचा असावा; आपल्या गावातल्या माणसाची भावकी आणि गट सगळ्यांना पाठ असतात, तो प्रश्न विचारतो तेव्हा त्याच्यामागे कोण आहे हे आधी शोधलं जातं. "लोकशाही म्हणजे काय?" हा प्रश्न विचारायचा नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं उत्तर येतं आणि शांतता पसरते. "तुमच्या वॉर्डातला दिवा किती दिवस बंद आहे, आणि ते कुणाला सांगितलं?" असं काहीतरी विचारा. प्रश्नाच्या दुसऱ्या भागातच खरी गंमत आहे.

एक सोय आम्हाला फार उपयोगी पडली. मतदानाचं वय २१ वरून १८ झालं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. त्या वर्षीच्या लोकसभेला अठरा-एकोणिसाव्या वर्षी पहिलं मत दिलेली माणसं आज पन्नाशी ओलांडलेली आहेत आणि प्रत्येक गावात सापडतात. त्यातल्या एकाला किंवा एकीला पाच मिनिटं द्या. पाचच. घड्याळ दाखवा.

मुलींचं वेगळं लिहितो, कारण "मुलीही होत्या" एवढ्यावर समाधान मानलं जातं. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या मुली मोजायच्या नाहीत. पहिली दहा मिनिटं त्यांचा वेगळा गोल करा, बोलणारीही बाईच हवी, मग त्यांच्यातलीच एक मोठ्या गोलात मुद्दे मांडेल. नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुना तर या कार्यक्रमांतून हमखास सुटतात. त्यांचं नाव माहेरच्या यादीत असतं, सासरी आणायला नमुना ८ लागतो, आणि घरात कुणाला ते सुचत नाही. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असताना गावातल्या तरुण बायका यादीतच नाहीत हे बरं दिसत नाही. त्यांना निरोप मंडळाच्या पोरांकडून नको; अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडून जाऊ द्या. आणि तीच अंगणवाडी सेविका तुमची बीएलओ असेल तर काम एका फेरीत झालं. बघा, पुन्हा तिथंच आलो.

प्रश्नांची उत्तरं आधी वाचून ठेवा, गुगलत बसू नका. 'नोटा'वर, म्हणजे 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटणावर, प्रश्न येणारच. २०१३ पासून तो पर्याय आहे. लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी उमेदवारांमधला पहिला निवडून येतो. मत अठराव्या वर्षी, पण ग्रामपंचायतीला उभं राहायला वय २१ लागतं. "मला काय फरक पडतो?" असं म्हणणाऱ्याला व्याख्यान देऊ नका, ग्रामसभेचं सांगा. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत नाव असलेली माणसं, अशी व्याख्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३ मध्येच आहे. महाराष्ट्रात तिची गणपूर्ती (किमान हजेरी) १०० किंवा मतदारांच्या १५ टक्के, यांतली कमी असेल ती. यादीत नाव नाही तर तुम्ही गावचे असूनही त्या सभेचे सदस्य नाही. दिव्याबद्दल, अभ्यासिकेबद्दल केलेला तावातावाचा वाद तिथं मोजला जात नाही. हे ऐकल्यावर मुलं उठतात. तेव्हा बीएलओ दारात नव्हे, गोलात बसलेला हवा, समोर नमुना ६ चे, म्हणजे नव्यानं नाव घालायचे, कोरे अर्ज घेऊन.

आणखी एक: स्थानिक निवडणुकांची यादी वेगळी तयार होत नाही. राज्य निवडणूक आयोग ठरवलेल्या तारखेची विधानसभेची यादी घेऊन तिचे प्रभाग पाडतो. ती तारीख हुकली की पुढची सगळी धावपळ त्या निवडणुकीपुरती वाया.

कागद: निमंत्रणातच लिहा. जन्मतारखेचा पुरावा (दहावीचं प्रमाणपत्र चालतं), पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचा फोटो, घरातल्या कुणाच्या तरी मतदार ओळखपत्राचा क्रमांक. मोबाईलमधला फोटो आणि खरा फोटो यांत फरक असतो हे मुलांना वेगळं सांगावं लागतं. झेरॉक्स कुठं मिळेल ते बघून ठेवा. आणि कृपा करून "अर्ज आमच्याकडे द्या, आम्ही गठ्ठा नेऊन देतो" असं म्हणू नका. एका माणसाने आणलेले गठ्ठ्याने अर्ज घेत नाहीत, घरच्या माणसांचा अपवाद सोडला तर. म्हणूनच बीएलओ. ज्याचा अर्ज त्याने बीएलओच्या हातात द्यायचा, पोच घ्यायची.

कार्यक्रमाच्या सकाळी: बीएलओंना फोन. गाडी पाठवायची असेल तर पाठवा.

नंतरचं थोडक्यात. ज्यांनी अर्ज ऑनलाइन भरला त्यांचा संदर्भ क्रमांक वहीत उतरवून घ्या. बोलण्यात निघालेले दोन-तीन प्रश्न ग्रामसेवकांकडे लेखी द्या, पुढच्या ग्रामसभेच्या विषयांत घ्या म्हणून. सूचना सात दिवस आधी निघते, त्याच्या आत द्या. त्या सभेला त्याच मुलांना घेऊन जा. टीव्ही परत करा, केबल मोजून. आणि मुलांना सांगून ठेवा की अर्जात काही कमी असलं तर बीएलओ फोन करतात, अनोळखी नंबर दिसला तरी उचला.