पीडीवरच्या माणसाला नीट जेवू कसं घालावं

पीडी म्हणजे पेरिटोनियल डायलिसिस: नळीने पोटात बॅगेतलं द्रावण सोडायचं आणि काही तासांनी काढायचं, घरच्या घरी. एक्सचेंज, म्हणजे जुनं पाणी काढणं (ड्रेन) आणि नवं भरणं (फिल), कसं करायचं ते तुम्हाला केंद्रात शिकवलंय. हात धुणं, मास्क लावणं, पंखा बंद ठेवणं यावर मी बोलत नाही. बोलायचंय ते ताटाबद्दल. मालवणात सासऱ्यांचं पीडी मी सांभाळते आणि ओळखीतल्या घरांतही जाते. बॅगा वेळच्या वेळी होतात, पण माणूस मात्र सुकत जातो, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं.

आधी पथ्याचा जुना कागद फाडून टाका. डायलिसिसच्या आधी प्रथिनं कमी करायला सांगितलेली असतात, आणि तेव्हा ते योग्यच असतं. पीडी सुरू झालं की हिशेब उलटा होतो. रोज 5 ते 15 ग्रॅम प्रथिनं बॅगेच्या पाण्याबरोबर बाहेर जातात. म्हणून किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. 55 किलोच्या माणसाला 55 ते 66 ग्रॅम.

वजन रोज सकाळी, ड्रेन झाल्यावर, फिल करायच्या आधी. पोटातलं 2 लिटर पाणी काट्यावर 2 किलो दाखवतं.

आता खरं अवघड काम. भूकच नसते. पोटात पाणी असतं, त्यामुळे चार घासांत पोट गच्च होतं. शिवाय बॅगेतली साखर रक्तात उतरते. 1.5 टक्के साखरेच्या तीन आणि 2.5 टक्के साखरेची एक बॅग घेतली तर दिवसाला साधारण 300 कॅलरी न जेवताच अंगात जातात. भूक मरते आणि प्रथिनं काही मिळत नाहीत. अशा वेळी घरोघरी एकच सल्ला मिळतो, "किडनीचो पेशंट तो, मासे बंद करा, पेजेर ठेवा." हा सल्ला अजिबात ऐकू नका. पेजेत पाणीच जास्त, प्रथिनं नावापुरती, आणि उरलीसुरली जागा तीच अडवते. मी यावर बरीच झगडले आणि शेवटी ताटातला क्रमच बदलला. आधी मासा किंवा अंडं, मग डाळ, भात सगळ्यात शेवटी. भात उरला तर उरू दे, तुकडी उरता कामा नये. जेवताना पाणी नाही. फिल झाल्या झाल्या ताट वाढू नका. ड्रेन आणि फिल यांच्या मध्ये, पोट रिकामं असताना जेवता येईल का, हे मात्र तुमच्या पीडी नर्सला विचारूनच ठरवा.

आमचा दिवस असा जातो : सकाळी एक अख्खं अंडं आणि दोन पांढरे, 13 ग्रॅम. दुपारी काटे काढून 100 ग्रॅम बांगडा किंवा सुरमई, 20 ग्रॅम. रात्री तेवढीच कोंबडी. उरलेलं डाळभातातून भरतं. शाकाहारी घरात पनीर, सोयाबीन, मूग, कुळथाची पिठी. ती मात्र घट्ट करा.

जून-जुलैत यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा हात खाऱ्या बांगड्याकडे जातो. तो नको. भिजवून धुतला तरी मीठ पुरतं जात नाही. मिठाने तहान लागते, पाणी प्यायलं की सूज येते, सूज उतरवायला कडक बॅग लागते, कडक बॅगेत साखर जास्त, आणि भूक आणखी मरते. त्या दोन महिन्यांत अंडी, कोंबडी आणि मिळाली तर खाडीची मासळी. काट्यासकट चावायची मांदेली आणि सालासकट सुकट फॉस्फरस वाढवतात. फॉस्फेट बाइंडरची, म्हणजे जेवणातला फॉस्फरस पोटातच धरून ठेवणारी, गोळी जेवणाबरोबरच द्यायची. नंतर दिली तर तिचा उपयोग नाही.

पोटॅशियमच्या भीतीने शहाळं, केळं सरसकट बंद करू नका. पीडीच्या द्रावणात पोटॅशियम नसतं, त्यामुळे काहींचं पोटॅशियम उलट कमी होतं. रिपोर्ट बघा, मग डॉक्टरांना विचारा.

इतकं करूनही जेवण जात नसेल, मळमळत असेल, तर डायलिसिस कमी पडतंय का ते तपासून घ्या. चोवीस तासांच्या सगळ्या ड्रेन बॅगा, त्याच चोवीस तासांची लघवी आणि रक्त यांवरून आठवड्याचा केटी बाय व्ही, म्हणजे डायलिसिस किती पुरतंय याचा आकडा, काढतात. तो निदान 1.7 हवा. बॅगांचं पाणी सगळं न्यायचं की मोजून नमुने, ते केंद्राला आधी विचारा. आठ-नऊ लिटर पाणी एसटीतून नेणं सोपं नाही. एकही बॅग किंवा लघवी चुकली तर आकडा खोटा येतो. पेरिटोनायटिस (पोटातल्या पडद्याचा संसर्ग) नुकताच झाला असेल तर महिनाभर थांबा. आकडा 1.7 च्या वर आला म्हणून गप्प बसू नका. 2020 च्या आंतरराष्ट्रीय पीडी मार्गदर्शक सूचनाही एवढ्या एका आकड्यावर थांबत नाहीत. माणसाला कसं वाटतं, पोषण कसं आहे, अंगात पाणी साठतं का, हेही बघायला सांगतात.

"युरिया उतरला" म्हणून पेढे वाटणारी घरं मी पाहिली आहेत. युरिया म्हणजे प्रथिनं पचून रक्तात उरणारा कचरा; जेवण तुटलं की तो उतरतोच. त्याच रिपोर्टात अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, बघा. दंडाचं मांस हाताने चाचपा. मांस झडून त्या जागी पाणी साठलं तर काटा तेच वजन दाखवत राहतो.

लघवी होत असेल तर ती जपा; तीही डायलिसिसच्या हिशेबात धरली जाते. म्हणूनच गुडघेदुखीला मेडिकलमधून स्वतःहून वेदनाशामक गोळ्या आणू नका, त्यांनी उरलीसुरली किडनीही बिघडू शकते.

आणि ड्रेनचं पाणी गढूळ दिसलं, पोट दुखलं, ताप आला, तर त्याच दिवशी केंद्र गाठा आणि ती गढूळ बॅग सोबत न्या. पेरिटोनायटिसमध्ये प्रथिनं नेहमीपेक्षा बरीच जास्त वाहून जातात, म्हणून बरं वाटू लागलं की अंडी वाढवा.